आश्रमशाळेतली तक्रारपेटी: किल्ली कोणाकडे, आणि पोरं चिठ्ठी का टाकत नाहीत?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाट

शाळाशाळांत तक्रारपेटी बसवण्याचं परिपत्रक ५ मे २०१७ चं. मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचं १० मार्च २०२२ चं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात हे सगळं सीसीटीव्हीसकट पुन्हा बजावलं गेलं. कागदावर काहीच कमी नाही. तरीही बऱ्याच आश्रमशाळांत पेटी हलवली तर आत काही वाजत नाही, आणि नोंदवहीत महिन्यामागून महिने शेरा असतो, ‘तक्रार निरंक’.

या ‘निरंक’ला आपण चांगली बातमी समजतो, ती चूक आहे. दोनशे-अडीचशे लेकरं चोवीस तास एका आवारात राहतात. त्यांना तीन महिन्यांत काहीच खुपलं नाही असं होत नाही. भाजी करपली, न्हाणीघराचा दिवा गेला, कोणी चादर पळवली, एवढंही पेटीत येत नसेल, तर ‘इथं बोलून उपयोग नाही’ हे पोरांना कळून चुकलंय.

दिवसाच्या शाळेतलं मूल संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगतं. आश्रमशाळेतलं मूल दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबतं. आणि ज्यांच्याबद्दल सांगायचंय तीच माणसं त्याला वाढतात, गोळी देतात, घरी जायची परवानगी देतात.

पेटी तीन ठिकाणी चुकते. एक, जागा. ‘दर्शनी भागात’ म्हणून ती मुख्याध्यापकांच्या दारालगत लागते. तिथं चिठ्ठी टाकायची म्हणजे अख्ख्या पटांगणासमोर टाकायची. दोन, कागद. पोरगं स्वतःच्या वहीचं पान फाडतं. कोणाची वही दुरेघी, कोणाची चौकटीची, कोण निळ्या पेनानं लिहितं, हे वर्गशिक्षकाला तोंडपाठ असतं. चिठ्ठी निनावी राहतच नाही. तीन, किल्ली. ती कार्यालयातल्या कपाटात, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याच हाताशी.

माझं म्हणणं असं: आठवड्यातला एक दिवस ठरवा, समजा शनिवारी संध्याकाळचा अभ्यासतास. सगळ्या मुलांना एकाच मापाची कोरी चिठ्ठी आणि शिसपेन्सिल द्या. ज्याला सांगायचंय त्यानं लिहावं, ज्याला नाही त्यानं नुसता गोल काढावा. पण चिठ्ठी प्रत्येकानं टाकायची. दोनशे चाळीस मुलांचं वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. सगळेच टाकतात म्हटल्यावर कोणी टाकली हा प्रश्न उरत नाही. पेटीला दोन कुलपं, दुसरी किल्ली शाळेच्या पगारावर नसलेल्या बाईकडे. आणि सात दिवसांच्या आत फळ्यावर उत्तर: काय आलं, काय केलं, काय होणार नाही आणि का नाही.

हा शेवटचा फळा नसेल तर बाकी सगळं फुकट. करपलेल्या भाजीचं उत्तर ज्या पोरीला मिळालं, तीच कधीतरी मोठी गोष्ट लिहायला धजावेल. पोरं आधी लहान तक्रार टाकून आपल्याला पारखतात.

खुर्चीपलीकडून

ताई, वसतिगृह सांभाळणाऱ्या अधीक्षकांची बाजू मांडतो, कारण ती कोणी मांडत नाही.

मुलांना एक अधीक्षक, मुलींना एक अधीक्षिका. पहाटे पाणी तापवण्यापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत तेच. त्यात दर शनिवारी दोनशे चाळीस चिठ्ठ्या वाटा, गोळा करा, वाचा, फळा लिहा. महिन्याभरात याची घोकंपट्टी होईल. पोरं न बघता गोल काढतील आणि ज्याला खरंच सांगायचंय तोही गोल काढून मोकळा होईल.

दुसरं, निनावी चिठ्ठी. स्वयंपाकी किंवा कामाठी (वरकाम करणारा) बऱ्याचदा रोजंदारीवरचा असतो. दहावीच्या दोन पोरांना जादा वाढलं नाही म्हणून त्यांनी चार चिठ्ठ्या टाकल्या, तर त्या माणसानं काय करायचं? कोणी लिहिलं माहीत नाही, विचारता येत नाही, खोडताही येत नाही. वर जाईपर्यंत ‘चार तक्रारी’ एवढंच उरतं आणि त्याची भाकरी जाते.

ज्या शाळेत अधीक्षक पंगतीत बसून तीच डाळ खातो, रात्री दहाला खोल्याखोल्यांतून फेरी मारतो, तिथं पोरं तोंडानं सांगतात. माणसाची जागा पेटीला देऊ नका. मला भीती ही वाटते की पेटी झाली म्हणून पंगत सुटेल.

आडवाट

दादा, पंगतीचं शंभर टक्के मान्य. पण तो अधीक्षक चांगला आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. पेटी हवी आहे ती तो तसा नसेल तेव्हासाठी.

निनावी चिठ्ठीबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून चिठ्ठ्यांचे दोन ढीग करायचे. वस्तूची तक्रार, म्हणजे नळ, दिवा, चादर, भाजी: इथं नाव कशाला हवं? नळ बघा, गळत असेल तर दुरुस्त करा. माणसाची तक्रार: निनावी चिठ्ठीवरून कोणाला शिक्षा करायचीच नाही. ती फक्त ‘इथं लक्ष द्या’ एवढंच सांगते. स्वयंपाकी वाढताना दुजाभाव करतो अशी चिठ्ठी आली, तर आठ दिवस वाढायला दोघं उभे करा आणि एक शिक्षक पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसवा. शेवटच्या मुलाच्या ताटात काय पडतं ते दिसेल. चिठ्ठी खोटी असेल तर स्वयंपाकीही सुटला. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

मात्र अंगाला हात लावणं, मारहाण, धमकी यांतलं काही असेल तर ही रीत चालणार नाही. तिथं आठ दिवस बघत बसायचं नसतं.

पाटीपेन्सिल

दोघंही गृहीत धरताय की पोरांना मराठीत लिहिता येतं. मेळघाटातलं पहिली-दुसरीचं पोर कोरकू बोलतं, धडगावचं भिली किंवा पावरी, भामरागडचं माडिया. त्याला ‘तुझी तक्रार लिही’ म्हणणं म्हणजे गप्प बसवणंच आहे.

चौथीपर्यंत चिठ्ठीवर चित्रं छापा. ताट, नळ, अंथरूण, संडास, दिवा, औषधाची बाटली, मोठं पोर, मोठा माणूस. ज्याचा त्रास आहे त्यावर फुली. खाली दोन बोलणारी तोंडं: त्यावर फुली म्हणजे ‘मला एकट्यानं बोलायचंय’. आणि कोपऱ्यात एक रिकामी चौकट. तिथं मूल स्वतःची खूण काढतं, पान, मासा, कोंबडा, काहीही. फळ्यावर उत्तर लिहिताना तीच खूण काढायची. नाव न कळता उत्तर नेमक्या पोरापर्यंत पोचतं. खूण मात्र दर वेळी नवी काढायला सांगा, नाहीतर महिन्याभरात ‘मासा कोण’ हे खोलीभर झालेलं असतं.

‘एकट्यानं बोलायचंय’वर फुली आली तर खूण फळ्यावर काढून पोराला उभं करायचं नाही. बाहेरच्या ताई अमुक दिवशी अमुक व्हरांड्यात बसतील एवढंच लिहायचं आणि त्या दिवशी वर्गातल्या आठ-दहा पोरांना एकेक करून बोलवायचं. ज्याला सांगायचंय तो त्यांतला एक.

शब्दांचाही घोळ असतो. ‘त्रास देतो’, ‘मस्ती करतो’ यांत चिडवण्यापासून अत्याचारापर्यंत सगळं मावतं. उलट बोलीतला एखादा साधा शब्द मराठी शिक्षकाला शिवीसारखा लागतो आणि पोरगं सांगता सांगता मार खातं. बोली समजणारं माणूस बहुतेक शाळांत कामाठी किंवा स्वयंपाकी मावशीच असते. भाजी-चादरीच्या गोष्टींना ती चालेल. गंभीर गोष्टीत दुभाषी शाळेतला नको, आणि मोठ्या वर्गातलं पोरही नको. सांगणाऱ्यावरही ओझं, ऐकणाऱ्यावरही.

गावकोस

एवढा खटाटोप कशाला? शालेय मंत्रिमंडळ आहे ना. आरोग्यमंत्री, भोजनमंत्री, स्वच्छतामंत्री. पोरं पोरांना सांगतील, मंत्री सोमवारच्या बैठकीत मांडेल. जबाबदारी घ्यायलाही शिकतील.

पाटीपेन्सिल

भाजीला मीठ कमी पडलं हे भोजनमंत्र्यानं जरूर सांगावं. पण मंत्री बहुतेक नववी-दहावीचे, आणि पाचवीच्या पोराला बादली भरायला लावणारे, त्याच्या खाऊचा डबा उघडणारेही तेच असतात. मोठ्या पोराची तक्रार मोठ्या पोरामार्फत कशी जाणार? दोन गोष्टी करता येतील. मंत्री निवडताना पाचवी-सहावीतून एक मुलगा, एक मुलगी ठेवा. आणि खोलीप्रमुख दर तिमाहीला बदला, कारण खोलीचा कारभार एकाच पोराकडे वर्षभर राहिला की त्याचं राज्य होतं.

कलम_खडू

वर ‘आठ दिवस बघत बसायचं नसतं’ एवढ्यावर विषय सोडलाय. तो सोडता येत नाही.

पोक्सो २०१२, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, कलम १९(१): बालकावर लैंगिक गुन्हा झालाय हे कळलं, किंवा होईल अशी धास्ती असली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक. खात्री हवी, पुरावा हवा असं कलमात नाही. कलम २१(१): न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २१(२): संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुख्याध्यापकांनी हे पोटकलम टेबलाच्या काचेखाली ठेवावं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर खटला होत नाही, १९(७). मुलानं सांगितलेलं खोटं ठरलं तरी मुलाला शिक्षा नाही, २२(२).

नेहमी काय चुकतं: चिठ्ठी मिळाली की मुख्याध्यापक तीन शिक्षकांची चौकशी समिती नेमतात. मुलीला कार्यालयात बोलावतात, चौघांसमोर तीनदा विचारतात. मग ‘त्यांना’ बोलावून समोरासमोर करतात. मग पालक, मग सरपंच, मग मिटवामिटवी. तोवर दहा दिवस जातात, मुलीचं सांगणं चार तोंडांतून फिरून बदलतं, आणि न्यायालयात बचावाचा वकील तेच धरतो.

शाळेनं करायचं ते थोडंच आहे. चिठ्ठी जशीच्या तशी पाकिटात, वर तारीख, वेळ, उघडणाऱ्यांच्या सह्या. मूल कोण हे माहीत असेल आणि ते स्वतः बोलत असेल, तर एवढंच विचारा, ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.’ ‘त्यांनी हात लावला का?’ असं आपण सुचवायचं नाही. कळवण्यापुरतं कळलं की थांबा, पुढचं विचारायचं काम पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं. ज्याचं नाव आलंय त्याला खबर लागू न देता त्याची आवारातली ड्यूटी हलवा. मुलीला हलवू नका, मुलीला घरी पाठवणं हा उपाय नव्हे. मग पोलीस ठाणं किंवा १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी. जबाब मुलीच्या राहत्या जागी किंवा तिनं सांगितलेल्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा, हे कलम २४ मध्ये आहे. जीप आवारात आणून सगळ्यांसमोर मुलीला बसवलं जात असेल तर मुख्याध्यापकांनी हे कलम दाखवावं.

आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की ते मूल पुन्हा कोणाला सांगत नाही. म्हणायचं, ‘ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन.’

खुर्चीपलीकडून

वकीलसाहेब, कायदा बरोबर आहे. पण पाड्यावर काय होतं तेही मांडा. शाळेत पोलीस आले ही बातमी संध्याकाळपर्यंत दहा पाड्यांवर जाते. आठ दिवसांत तीस मुली घरी नेल्या जातात. त्यातल्या किती परत येतात? काहींचं त्याच उन्हाळ्यात लग्न लागतं. एका अर्धवट चिठ्ठीवर, ‘मला भीती वाटते’ एवढ्यावर, तुम्ही ठाण्यात जायला सांगणार असाल तर नुकसान कोणाचं?

कलम_खडू

‘मला भीती वाटते’ एवढ्यावर मीही ठाण्यात जा म्हणत नाही. त्या चिठ्ठीला पाटीपेन्सिल यांची व्हरांड्याची रीत लावा, तीही चोवीस तासांत. कशाची भीती ते कळू द्या. कदाचित अंधाऱ्या संडासाची असेल. पण ‘सर रात्री खोलीत येतात’ असं असेल तर ते अर्धवट नाही.

मुली घरी नेल्या जातात हे खरं आहे आणि फार वाईट आहे. पण त्या पोलीस आल्यामुळे जातात की शाळेनं लपवलं हे कळल्यामुळे, हे तपासून बघा. पालकांना बातमी शाळेकडून, त्याच दिवशी, त्यांच्या बोलीत मिळाली, माणूस कामावरून हलवलाय आणि रात्री कोण झोपायला आहे हे सांगितलं गेलं, तर बरेच पालक थांबतात. मुलीचं नाव, वर्ग, गाव मात्र पालकसभेतसुद्धा उच्चारायचं नाही.

पाडापाणी

चिठ्ठीच्या आधी एक जागा आहे जिथं पोरं बोलून मोकळी झालेली असतात, फक्त आपण वाचत नाही. आजारी मुलांची नोंदवही.

दहा वर्षांची मुलगी ‘मला खोलीत भीती वाटते’ म्हणत नाही, ती ‘पोट दुखतंय’ म्हणते. वही उघडा आणि नावाप्रमाणे मोजा. एकाच मुलाचं पंधरा दिवसांत तीनदा पोट किंवा डोकं दुखलं, ताप नाही, जुलाब नाही, तर गोळी देऊन सोडू नका, बसून बोला. वारही बघा. दर सोमवारी दुखत असेल तर वर्गात काही आहे. संध्याकाळी अंधार पडताना दुखत असेल तर खोलीत. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलेलं मोठं मूल हीही नोंद. त्याची चादर सगळ्यांसमोर वाळत घातली की तो दरवाजा बंद. आणि आधी नीट तपासणी, कारण पोट खरंही दुखतं: जंत, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुलींची पाळी. ‘मनाचं आहे’ म्हणून कावीळ अंगावर काढल्याची पाळी येऊ नये. रात्री ताप आलेलं पोर उठवायला घाबरतं, म्हणून ‘रात्री उठवलं तर कोणी रागावणार नाही’ हे अधीक्षकांनी हजेरीच्या वेळी रोज म्हणायला हवं. रोज.

दुसरं, फोन. ‘पालकांशी बोलू देतो’ असं सगळे सांगतात. हिशेब करा. दोनशे चाळीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, बाराशे मिनिटं, म्हणजे वीस तास. एका फोनवर आठवड्यात होत नाही. दोन फोन, रविवारी सहा तास आणि मधल्या दोन संध्याकाळी दोन-दोन तास, मग जमतं. फोन कार्यालयात नको, स्पीकरवर नको, आणि मोठं माणूस दिसेल पण ऐकू येणार नाही एवढं दूर, पंधरा पावलं. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात, नंबर बदलतात. म्हणून नोव्हेंबरात प्रत्येक मुलाचे दोन नंबर नव्याने लिहून घ्या, त्यातला एक गावात राहणाऱ्या माणसाचा. १०९८ भिंतीवर रंगवलेला असतो, पण फोन कुलपात असेल तर त्या रंगाचा उपयोग नाही. त्या नंबरासाठी परवानगी विचारावी लागता कामा नये.

खुर्चीपलीकडून

फोनचा हिशेब आवडला. नोंदवहीचाही. हे अधीक्षकाला करता येण्यासारखं आहे.

आता माझे दोन प्रश्न उरतात. तक्रार केल्यावर पोराला त्रास दिला गेला हे ओळखायचं कसं? तो उघड कोणी देत नाही. आणि बाहेरची किल्लीवाली बाई आणायची कुठून? शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्या बारा किलोमीटरवर राहतात. दोन कुलपांची पेटी म्हणजे एक जण आला तर दुसरा नाही, आणि तीन महिने पेटी उघडतच नाही. पावसाळ्यात आतले कागद भिजून लगदा होतो.

आडवाट

पहिल्याचं उत्तर झाडलोटीच्या पाळीपत्रकात असतं. चिठ्ठी येण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे शेजारी ठेवा. एखाद्या खोलीची संडास धुण्याची पाळी दोनावरून पाचावर गेली असेल तर सूड चालू आहे. तसंच सुट्टीचे नाकारलेले अर्ज आणि फोनची यादी. प्रार्थनेच्या वेळी ‘काहींना फार तोंड फुटलंय’ असं बोललं गेलं तर तोही सूडच. तो कागदावर येत नाही, पण व्हरांड्यातल्या बाईला पोरं सांगतात. एक खबरदारी: कोण्या पोराची तक्रार हे माहीत नसताना एकाच पोराचं पत्रक तपासू नका, सगळ्या खोल्यांचं तपासा. नाहीतर तपासणीच बोट दाखवते.

किल्ली: उपकेंद्राची आरोग्यसेविका ज्या दिवशी येते तोच पेटीचा दिवस. ती शाळेच्या पगारावर नाही, वजन-गोळ्यांसाठी येतेच, आणि मुलींना तिच्याशी बोलायची सवय असते. ती आली नाही तर आशाताई. दोघींचं नाव आणि वार पेटीवर रंगवा, म्हणजे पेटी उघडली नाही हे पोरांनाही कळतं. चौदा दिवसांत उघडली नाही तर मुख्याध्यापकांनी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवायचं. पेटी पत्र्याची, फटीवर बिजागरीचं झाकण, पन्हाळीखाली नाही.

जेवणाबद्दल एक राहिलं. जिथं जेवण मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून येतं (मुंढेगाव, कांबळगावला अशी स्वयंपाकगृहं उभी राहिली), तिथं भाजी बदलणं अधीक्षकांच्या हातात नाही. फळ्यावर तसंच लिहा: ‘पोळी गार येते. अमुक तारखेला स्वयंपाकगृहाला कळवलं. उत्तर यायचंय.’ पुढच्या आठवड्यात उत्तर आलं नसेल तर तेही लिहा.

खुर्चीपलीकडून

आरोग्यसेविकेचा वार धरणं पटलं. दर आठवड्याला सक्तीची चिठ्ठी मात्र अजून पटत नाही. पंधरवड्यातून एकदा करा, नाहीतर गोलच गोल येतील. आणि ओढ्याला पाणी आलं की आरोग्यसेविका तीन-तीन आठवडे येऊ शकत नाही, तेव्हाचं सांगा.

आडवाट

पंधरवडा चालेल, वार पक्का असला तर. पाणी चढल्यावर पेटीला हात लावू नका, कुलूप तसंच राहू द्या. नळ-दिवा-भाजीचं पंगतीत तोंडी घ्या आणि फळ्यावर लिहा. एकट्यानं बोलायचंय त्यांच्यासाठी आरोग्यसेविकेचा फोन, रोज संध्याकाळी सात ते साडेसात, व्हरांड्यातून. रेंज फक्त टाकीजवळ असेल तर फोन टाकीजवळ न्या, आणि त्या अर्ध्या तासात पाणी भरायची पाळी लावू नका.